काळी चार आणि चार महाळुंगं

फोनवरचं चित्र मी आत्यासमोर धरलं. तिने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि म्हणाली, "अरे, हे तर अंबाबाईच्या हातातलं महाळुंग! चार-चार मांडलीत. कुणाकडची पूजा आहे?"

पूजा कुणाकडचीच नव्हती. चित्र १६३३ सालचं, स्पेनमधलं. चित्रकाराचं नाव फ्रान्सिस्को दे झुर्बारान. सध्या ते अमेरिकेत, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या पॅसाडीना गावात, नॉर्टन सायमन संग्रहालयात टांगलेलं आहे. नाव 'लिंबं, संत्री आणि गुलाब'. नावावर विसंबून मी त्या पिवळ्या फळांना लिंबंच म्हणत आलो होतो. ती जाड, खडबडीत सालीची फळं लिंबं नसून महाळुंगं आहेत, हे कलेच्या अभ्यासकांनी केव्हाच सांगून ठेवलंय. आत्याला त्यासाठी अभ्यास लागला नाही. आमचं कुलदैवत कोल्हापूरचं. अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातातलं फळ ती लहानपणापासून बघत आलीय. आणि बडोद्यात खंडेराव मार्केटात हेच फळ 'बिजोरं' म्हणून मिळतं, त्याचं लोणचं ती अजून घालते.

हे चित्र आमच्या घरात शिरलं ते गाण्याच्या वाटेने. दांडिया बाजारात आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहणारी एक मुलगी फतेगंजच्या एका चर्चच्या क्वायरमध्ये गाते. डिसेंबरच्या सुरुवातीला ती आली आणि म्हणाली, "काका, आम्ही नाताळला एक लॅटिन गाणं बसवतोय. ते म्हणे एका चित्रावरून सुचलंय. पण चित्रात ना येशू आहे, ना मरिया, ना देवदूत. नुसती फळं! तुम्ही चित्रकलेचे मास्तर, तुम्हीच सांगा यात धार्मिक काय आहे ते." मी तीस वर्षं मुलांकडून वस्तुचित्रं काढून घेतली आहेत: तांब्या, वांगं, घडी घातलेला टॉवेल. फळांबद्दल मी बोलू शकत होतो. गाण्याचं मात्र आत्याला विचारावं लागलं. तिच्या भजनी मंडळाची पेटी तीच वाजवते. आम्ही दोघांनी मिळून जे उलगडलं, ते इथे सांगतो.

आधी गाण्याची माहिती. लॅटिन नाव 'ओ माग्नुम मिस्तेरिउम', म्हणजे 'अहो, केवढं हे गूढ'. संगीतकार मॉर्टन लॉरिडसन, जन्म १९४३. तरुणपणी ते अमेरिकेच्या जंगलखात्यात कामाला होते. सेंट हेलेन्स पर्वताजवळच्या टेहळणी मनोऱ्यावर एकट्याने बसून वणव्यांवर नजर ठेवायची, असं काम. पुढे आयुष्यभर त्यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात संगीतरचना शिकवली. १९९४ साली लॉस एंजेलिस मास्टर कोराल या क्वायरच्या व्यवस्थापनातल्या मार्शल रटर यांनी आपल्या पत्नीच्या सन्मानार्थ एक रचना मागितली. ती ही. त्याच वर्षी १८ डिसेंबरला पॉल सलामुनोविच यांच्या संचालनाखाली ती पहिल्यांदा गायली गेली. लांबी सहा-सात मिनिटं. साथीला वाद्य एकही नाही, नुसते गळे. गेल्या तीस वर्षांत जगातल्या कुठल्या क्वायरने ती गायली नसेल तर नवल.

आता शब्द. ते लॉरिडसन यांचे नव्हेत. नाताळच्या रात्रीच्या प्रार्थनेतलं हे फार जुनं गीत आहे. साधारण अर्थ असा: हे केवढं गूढ, केवढा विलक्षण संस्कार, की जनावरांनी पाहावा नुकता जन्मलेला प्रभू, गव्हाणीत निजलेला! धन्य ती कुमारी, जिच्या कुशीला प्रभू ख्रिस्ताला वागवण्याचं भाग्य लाभलं. आलेलुया.

एवढंच. यात राजे नाहीत, तारा नाही, मेंढपाळही नाहीत. देवाला पहिल्यांदा पाहिलं ते कुणी? तर गोठ्यातल्या जनावरांनी. गंमत म्हणजे बायबलमधल्या जन्मकथेत जनावरांचा उल्लेखच नाही, फक्त गव्हाणीचा आहे. बैल आणि गाढव आले ते यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरून: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं. पुढच्या लोकांनी ती जनावरं हळूच बाळाशेजारी आणून उभी केली. आपल्याकडे गोकुळाष्टमीला रात्री बारा वाजता पाळणा म्हणताना गाई हंबरल्या असं आपण गातोच की. आत्याला हा भाग सांगावाच लागला नाही. "सुंठवडा वाटायच्या वेळचं गाणं," ती म्हणाली. माझ्या मते यापेक्षा चांगली व्याख्या नाही.

या शब्दांना चाली लावणारे पुष्कळ झाले. स्पेनचाच तोमास लुईस दे व्हिक्टोरिया, त्याची रचना १५७२ साली छापली गेली आणि अजून गायली जाते. फ्रान्सच्या पुलांकने १९५२ साली केली. म्हणजे लॉरिडसन यांच्यापुढचा पेच कुणालाही ओळखीचा वाटेल असा होता: 'पंढरीनाथा' म्हणून चाल लावायची, पण आधीच्या शंभर जणांनी लावून ठेवलेली. नवं काय सांगणार?

तिथे त्यांना हे चित्र उपयोगी पडलं.

चित्र जरा जवळून पाहू. आकार फार मोठा नाही, रुंदी एकशे दहा सेंटिमीटरच्या आतबाहेर, उंची बासष्ट. तपकिरी लाकडी टेबलाची एक कड. तिच्यावर एका रांगेत तीन गोष्टी. डावीकडे धातूच्या ताटलीत चार महाळुंगं. मधे वेताची टोपली, तिच्यात संत्री, आणि संत्र्यांवर पानं नि पांढरी फुलं. उजवीकडे चांदीच्या बशीत पाण्याने भरलेला एक पेला आणि बशीच्या कडेला टेकवलेला एक गुलाब. मागे काळोख. खिडकी नाही, पडदा नाही, भिंतसुद्धा नाही. त्या काळोखातून तिन्ही वस्तू अशा वर येतात की जणू आत्ताच कुणीतरी समई पुढे सरकवली.

चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो, यातलं अवघड काम फळं रंगवण्याचं नाही. आठवीतला हुशार मुलगा बरं लिंबू काढतो. अवघड आहे ते मांडणीत काहीच न करणं. एकही फळ दुसऱ्या गटात घुसलेलं नाही, काही कलंडलेलं नाही, सुरी नाही, सोललेली साल लोंबत नाही. त्याच शतकातल्या डच चित्रकारांची टेबलं आठवा: अर्धवट खाल्लेलं मटण, सांडलेली वाइन, शिंपले. झुर्बारानचं टेबल देव्हाऱ्यासारखं आवरलेलं. आणि हे आवरणं आपोआप झालेलं नाही. चित्राचे क्ष-किरण फोटो काढले तेव्हा आत आणखी एक ताटली सापडली, पाकातल्या रताळ्यांची. झुर्बारानने ती रंगवली होती आणि नंतर तिच्यावर काळोखाचा हात फिरवून ती मिटवली होती.

"उपास सुटला असेल," आत्या म्हणाली.

हसण्यावारी गेलं, पण मला ती ताटली सोडवेना. रंगवून झालेली, बहुधा छानही जमलेली वस्तू पुसून टाकायला जीव घट्ट करावा लागतो. माझ्या वर्गातली मुलं खोडरबर हातात घ्यायला सांगितलं की रडवेली होतात.

आता मुलीच्या प्रश्नाकडे: यात धार्मिक काय? झुर्बारान सेव्हिल शहरात मठांसाठी चित्रं काढणारा माणूस. पांढऱ्या झग्यातले साधू ही त्याची खासियत. त्याच्या गिऱ्हाइकांना खुणांची भाषा पाठ होती. स्वच्छ पाणी म्हणजे निर्मळपणा. गुलाब हे मरियेचं फूल. संत्र्याच्या झाडाला फळ आणि फूल एकाच वेळी असतं, म्हणून ती कुमारीही आणि आईही. महाळुंग-लिंबू ईस्टरशी, म्हणजे पुन्हा जिवंत होण्याशी जोडलेलं. तीन गट म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा. टेबल म्हणजे वेदी. असं वाचलं की चित्रात मरिया नाही असं म्हणताच येत नाही. ती एवढीच की बसलेली दिसत नाही. आपल्याला हे कठीण जाऊ नये. सुपारी हा गणपती आणि तांब्यावरचा नारळ ही देवी, हे मानणाऱ्या लोकांना पेला आणि गुलाब ही मरिया हे समजावून काय सांगायचं? आणि आईच्या हाती महाळुंग, हे तर 'मातुलुंगं गदां खेटं' म्हणणाऱ्यांनी आधीच सांगितलंय. स्पेन आणि कोल्हापूर यांचा यात काही संबंध आहे असं मी मुळीच सुचवत नाही. बियांनी गच्च भरलेलं फळ पाहून दोन ठिकाणच्या माणसांना आई आठवली असेल, इतकंच.

खुणांच्या या यादीवर फार विसंबू नये असंही माझं मत. कोणती खूण नेमकी कशाची यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि यादी पाठ करून चित्रापुढे उभं राहिलं की चित्र दिसेनासंच होतं. आपल्या बडोद्यात काळोखातून उजेडात येणारी युरोपीय तैलचित्रं बघायची तर कमाटीबागेत जायचं. सयाजीरावांनी पिक्चर गॅलरीची इमारत १९१४ पर्यंत बांधून घेतली, पण पहिलं महायुद्ध पेटलं, युरोपातून चित्रं येईनात, आणि गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं. शाळेच्या सहलीला मुलं तिथल्या देवमाशाच्या सांगाड्याकडे धावतात, चित्रांच्या दालनात त्यांना कंटाळा येतो. एखादं पोर मात्र काळ्याशार कॅनव्हासपुढे थांबतं आणि विचारतं, "सर, बाकीचं का नाही रंगवलं?" तो प्रश्न खुणांच्या यादीपेक्षा मोलाचा. लॉरिडसन यांनाही, मला वाटतं, हेच दिसलं असावं. त्यांच्या गाण्यात लिंबाचा आवाज नाही, पाण्याची झुळझुळ नाही. चित्राने त्यांना विषय दिला नाही, विषय होताच. चित्राने दिलं ते पथ्य: सगळीकडे सारखा, शांत काळोख ठेव, आणि उजेड एकाच जागी पाड.

हे सुरांत कसं करायचं, ते समजायला पेटी हवी.

आधी क्वायर म्हणजे काय ते. आपल्या भजनी मंडळात वीस बायका असल्या तरी चाल एकच असते. सगळ्या तीच म्हणतात. क्वायरमध्ये सहसा चार गट. बायकांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचा उंच टेनर, खर्जातला बास. चौघेही एकाच वेळी शब्द तोच, पण स्वर वेगवेगळे गातात, आणि ते स्वर एकमेकांत मिसळून एक रंग तयार होतो. गणपतीत आरतीला चार काका चार पट्ट्यांत सूर लावतात, ते हे नव्हे. इथे कोण कुठल्या स्वरावर असेल ते कागदावर लिहिलेलं असतं.

आत्याने पेटी काढली, भाता सोडला. हे गाणं पांढरी दोनच्या पट्टीत आहे, म्हणजे पेटीच्या सप्तकातली दुसरी पांढरी कळ हा सा. काळ्या कळाही अशाच मोजायच्या. पांढरी दोन सा धरली की पांढरी तीन रे, काळी तीन ग, पांढरी पाच म, मग पांढरी सहा, पांढरी सात आणि वरची काळी एक. सगळे शुद्ध स्वर, बिलावल थाट. पांढरी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा एकदम दाबल्या की सा-ग-प एकत्र वाजतात आणि घरी आल्यासारखं वाटतं. तंबोऱ्यातही आपण हेच मागतो: खाली भक्कम सा, म्हणजे पायाखाली जमीन.

आता लॉरिडसन यांची पहिली युक्ती. तेच तीन स्वर, पण सा तळातून काढून वर ठेवायचा. खाली काळी तीन, तिच्यावर पांढरी सहा, सगळ्यात वर पुढच्या सप्तकातली पांढरी दोन. आत्याने दाबून पाहिलं. स्वर तेच, गोडवा तोच, पण काहीतरी अधांतरी. कडेवर घेतलेलं पोर जसं सुखात असतं पण त्याचे पाय जमिनीला लागलेले नसतात, तसं. पाश्चात्त्य संगीतात याला 'उलटलेला' स्वरमेळ म्हणतात, आणि हे गाणं बहुतेक वेळ अशाच उलटलेल्या स्वरमेळांवर चालतं. अगदी पहिल्या 'ओ'लाच बास गंधारावर उभा असतो. त्यामुळे गाणं संथ असूनही कुठे बसकण मारत नाही. गूढ म्हणजे काय, हे शब्दांनी सांगायच्या आधी कानाला असं कळतं.

लयही वेगळी. ताल म्हणून मोजायला जाल तर हात चुकतो. शब्द जितका लांब, तितकी मात्रा. जुन्या मठांमध्ये लॅटिन प्रार्थना एका सुरात म्हणत, त्या धाटणीचं हे. अथर्वशीर्षाचं आवर्तन चालू असताना कुणी टाळ्यांनी ठेका धरत नाही. श्वास आणि शब्द मिळून चाल ठरवतात. तेच इथे. हे फार ताणत नाही, ऐकलं की कळतं.

तर असा हा पट तयार झाला: सौम्य, शुद्ध स्वरांचा, हळू आवाजाचा, कुठेही टोचणारं काही नाही. झुर्बारानचा काळोख तो हाच. काळा रंग वाईट नसतो. त्याचं काम मागे राहणं. आणि आता गाणं दुसऱ्या वाक्यावर येतं. 'बेआता व्हिर्गो', धन्य ती कुमारी. इथे लॉरिडसन अडले. ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ही बाई देवाची आई होणार, आणि हीच पुढे त्याला क्रूसावर मरताना बघणार. जन्माच्या रात्रीच्या गाण्यात ते दुःख कसं सांगायचं? रडकं करून चालणार नाही, पाळणा आहे. आणि न सांगूनही चालणार नाही. त्यांनी बऱ्याच वाटा चोखाळल्या आणि शेवटी एका स्वरावर आले. 'व्हिर्गो' या शब्दावर आल्टो गाणाऱ्या बायका एक स्वर लावतात, जो या पट्टीतला नाही. अख्ख्या गाण्यात पट्टीबाहेरचा तो एकच स्वर. त्या स्वरावर जणू आवाजाचा प्रकाशझोत पडतो, असं ते म्हणतात, आणि संबंध रचनेतला सगळ्यात महत्त्वाचा स्वर तोच असंही सांगतात.

"कुठला?" आत्याने विचारलं.

मुलगी म्हणाली, "आजी, काळी चार."

आत्याने पांढरी दोनचा सा धरून काळी चारवर बोट ठेवलं आणि दुसऱ्याच क्षणी माझ्याकडे बघितलं. "तीव्र मध्यम!" म्हणजे नेहमीच्या शुद्ध म पेक्षा अर्धा सूर चढा.

तिच्या चेहऱ्यावरून कळलं की आता मास्तरकी माझ्याकडून गेली. पुढची पंधरा मिनिटं ती बोलत होती. बिहाग घे, ती म्हणाली. भातखंड्यांनी बिहाग बिलावल थाटातच घातलाय, सगळे शुद्ध स्वर. तीव्र मध्यम त्याचा हक्काचा स्वर नाही, तो विवादी. म्हणजे रागाशी न जमणारा. पण पंचमाच्या आडोशाने तो हळूच, क्षणभर दाखवला की राग खुलतो. "दाखवायचा, वाढायचा नाही," ती म्हणाली. "आता सगळे पानभर वाढतात." आजकालच्या बिहागावर तिचा राग जुना आहे, त्यात मी पडत नाही. एवढंच की ज्या बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्या गावात विवादी स्वर म्हणजे काय हे समजावायला फार शब्द लागू नयेत.

पण एक फरक सांगायलाच हवा, नाहीतर ही तुलना फसवेल. रागात विवादी स्वर हा आधीच्या आणि नंतरच्या स्वरांशी भांडतो, कारण आपलं गाणं एका धाग्याचं असतं, एकामागून एक. क्वायरमध्ये भांडण त्याच क्षणी असतं. आल्टो काळी चारवर असताना बाकीचे तिघे आपापल्या निवांत स्वरांवर असतात, आणि हा एक स्वर त्यांना घासतो. मग लगेच शेजारच्या स्वरावर जाऊन विसावतो. अशा टेकू घेणाऱ्या स्वराला इटालियन नाव आहे आप्पोजातुरा, त्याचा अर्थच 'रेलणं'. जरा वेळ दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकायचा आणि मग सावरायचं. मरियेच्या शब्दावर हेच का, ते निराळं सांगायला नको.

आणखी एक, हे माझं. हा स्वर सगळ्यात वरच्या आवाजाला दिलेला नाही. सोप्रानो वर असते, तिचं कानावर आधी येतं. तिला दिला असता तर तो डोळ्यांत बोट घातल्यासारखा झाला असता. आल्टो म्हणजे मधला, सहसा कुणाच्या लक्षात न येणारा आवाज. घरातल्या थोरल्या सुनेसारखा. दुःख तिच्याकडे आहे. झुर्बारानच्या चित्रातही गुलाब मधोमध नाही, कडेच्या बशीवर आडवा पडलाय. पण एकदा दिसला की नजर तिथून हलत नाही. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "पण काका, तो लावताना भीती वाटते. बाकी सगळे बरोबर असतात आणि आपण एकटेच चुकतोय असं वाटतं."

या घडीच्या धार्मिक वृंदगानाच्या प्रेरणा नेहमी इतक्या शांत नसतात. डायनाच्या अंत्ययात्रेत १९९७ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमधून शवपेटी बाहेर नेताना जे गायलं गेलं, ते जॉन टॅव्हेनर यांनी अपघातात गेलेल्या एका ओळखीच्या तरुणीच्या आठवणीत रचलेलं होतं. एस्टोनियाचे आर्वो पेर्ट यांनी 'आम्हाला शांती दे' ही प्रार्थना २००४ साली माद्रिदच्या रेल्वेगाड्यांतल्या बॉम्बस्फोटांनंतर दोन दिवसांत लिहायला घेतली. मृत्यूने गाणं सुचणं आपल्याला पटकन पटतं. टेबलावरच्या फळांनी सुचणं पटायला जरा वेळ लागतो.

कार्यक्रम झाला तेवीस तारखेला. थंडी बऱ्यापैकी होती, आत्याने मफलर गुंडाळला होता आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. क्वायर उभा राहिला, संचालकांनी हातातल्या छोट्या पिपाणीत पट्टी फुंकून दिली. आत्या कानाजवळ पुटपुटली, "पांढरी दोन." मग ओ माग्नुम सुरू झालं. मी डोळे मिटून टेबल, टोपली, पेला आणायचा प्रयत्न करत होतो. येत नव्हतं. समोर एक आजोबा खोकत होते, बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. 'बेआता' आलं आणि मी डोळे उघडले. आमची मुलगी दुसऱ्या रांगेत, कागदाकडे न बघता. 'व्हिर्गो'वर तिच्या भुवया जरा वर गेल्या. शेजारी आत्याचा अंगठा मफलरवर एका जागी दाबला गेला, आणि सुटला.

नंतर अंगणात केक आणि चहा होता. मुलगी धावत आली. "आजी, कसं झालं?"

आत्याने केकचा तुकडा संपवला. "शेवटाला काळी एकच्या जवळ आला होता तुम्ही. अर्धा सूर उतरला सगळा."

मुलीचा चेहरा पडला. वाद्याची साथ नसली की चांगले क्वायरही असे हळूहळू खाली येतात, हे मी सांगायला तोंड उघडलं, पण आत्याचं संपलं नव्हतं.

"म्हणजे तुमची काळी चार लागली तेव्हा ती काळी चार नव्हतीच, जराशी खालीच होती," ती म्हणाली. "तीव्र मध्यम मात्र बरोब्बर होता." आणि मला म्हणाली, "चल, रिक्षा बघ. उद्या मार्केटातून दोन बिजोरी आण, लोणचं संपलंय."